गुरुवारचा विचार : काकणं गप्प का झाली?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी आपल्या बैठकीत एकनाथी भागवतातल्या अवधूत आणि यदुराजाच्या संवादावर चिंतन झालं. अवधूत राजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, पाणी, समुद्र, अजगर, मधमाशी, अगदी कोळीसुद्धा. त्यात एक गुरू आहे ती साधी घरातली कुमारी. लग्नाची मुलगी. आईवडील बाहेर गेलेले, आणि तेवढ्यात तिला बघायला पाहुणे दारात आले. तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. जेवायला घालायचं तर घरात तांदूळ नाहीत. म्हणून आत जाऊन ती साळी कांडायला लागली. हातातली काकणं वाजायला लागली. पोरीला लाज वाटली. काकणं वाजली की बाहेर बसलेल्यांना कळणार, या घरी कांडल्याशिवाय चूल पेटत नाही. मग तिनं एकेक काकण उतरवलं. दोन-दोन राहिली तरी वाजतच होती. शेवटी हातात एकेकच ठेवलं. आवाज थांबला.

अवधूतानं त्यातून घेतलेला बोध आपल्याला ठाऊक आहे. पुष्कळ जण एकत्र आले की कलह होतो, दोघं असले तरी बोलणं होतं, म्हणून साधकानं एकांत धरावा. हा बोध खराच आहे. पण त्या दिवशी बैठकीत एका तरुण सूनबाईनं विचारलं, "काकू, साधकाचं कळलं. पण त्या मुलीचं काय? आत एकटी कांडतीय ती, तिच्याकडं कुणी बघितलं का?"

आम्ही सगळ्याच गप्प झालो. कारण अशी एक मुलगी आमच्या समोर वर्षभर बसलेली होती, आणि आम्ही तिच्याकडं बघितलं नव्हतं. आज तेच सांगायचं आहे. तिच्या आईच्या आणि तिच्याही संमतीनं लिहितो आहोत. नाव, गाव, शाळा मुद्दाम दिलेली नाही.

आपल्याला माहीत आहे की आपल्या केंद्रातर्फे आम्ही काही भगिनी दर शनिवारी तालुक्यातल्या एका मराठी शाळेत संस्कार वर्ग घेतो. सकाळची शाळा असते, शेवटचा तास आमचा. प्रार्थना, स्तोत्रं, एखादी गोष्ट. मुलं छान रमतात. नववीतली एक मुलगी पहिल्या ओळीत बसायची. तिचं पाठांतर असं की एकदा ऐकलं की म्हणून दाखवणार. आवाज खणखणीत. पाहुणे आले की आम्ही तिलाच उभी करायचो.

दिवाळीनंतर ती गप्प झाली. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. आम्हाला वाटलं, अंगात आळस आला, मोबाईलचा नाद लागला असेल. एका शनिवारी आमच्यातल्याच एकीनं तिला सगळ्यांसमोर उभी करून सुनावलं, "एवढं चांगलं देणं देवानं दिलंय गळ्यात, आणि तुला कंटाळा येतोय?" मुलगी खाली बघत राहिली. पुढचे दोन शनिवार ती आलीच नाही.

शाळेत अक्षर दासोहचा स्वयंपाक करणाऱ्या एक अक्का आहेत. आपल्या कर्नाटकात शाळेतल्या दुपारच्या जेवणाला अक्षर दासोह म्हणतात, हे सगळ्यांना माहीतच आहे. आम्ही निघालो तर अक्कांनी भांडी घासता घासता हाक मारली. म्हणाल्या, "बाई, तुमी त्या पोरीवर रागवू नगासा. ती ताटातलं अर्धं डब्यात भरून घरी न्हेती. अर्ध्या पोटावर ती काय म्हणंल तुमचं स्तोत्र?"

आम्ही वर्षभर त्या पोरीला भक्ती शिकवत होतो. आणि तिचं पोट अर्धं आहे हे दिसलं ते भांडी घासणाऱ्या बाईला.

घरी आल्यावर आठवलं, मुलांच्या स्तोत्राच्या वह्या पंधरा दिवसांपूर्वी तपासायला आणल्या होत्या. पिशवीत तशाच होत्या. तिची वही काढली. अक्षर मोत्यासारखं. आम्ही आजवर अक्षरच बघत आलो होतो. शेवटच्या पानावर पेन्सिलनं बारीक लिहिलं होतं, 'मी नसले तर एक माणूस कमी जेवंल.'

वाचून हातपाय गार पडले. पंधरा दिवस ती वही आमच्या पिशवीत, देवघराच्या शेजारी लटकत होती.

त्याच संध्याकाळी तिच्या वर्गशिक्षिकेला फोन केला आणि आम्ही दोघी त्यांच्याबरोबर तिच्या घरी गेलो. एका खोलीचं घर. आई भिंतीला टेकून बसलेली, दम लागत होता. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. आपल्या निपाणीत कितीतरी घरं विडीवर चालतात, वेगळं सांगायला नको. वडील कामासाठी गोव्याला, पैसे कधी येतात, कधी येत नाहीत. आईला बरं नसल्यामुळे हजाराचा हिशेब पुरा होईना, म्हणून पोरगी रात्री बारा-बारापर्यंत विड्या वळत होती. आणि अर्धं ताट यायचं ते धाकट्या भावासाठी.

आता आमची दुसरी चूक ऐका. मुलगी समोर आली तशी आमच्यातली एक जण लगेच सुरू झाली, "बाळा, असं वेडंवाकडं लिहायचं नसतं. नरदेह दुर्लभ आहे. देवावर भार टाक..." शिक्षिकाबाईंनी हळूच हात दाबला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "जेवलीस का गं?" आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. सूप बाजूला सरकवलं. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग ती रडायला लागली, आणि मग बोलायला लागली.

शिक्षिकाबाईंनी तिला सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का तुला?" आम्हाला भीती वाटली, असं विचारून भलतंच मनात भरवू की काय. पण उलट झालं. ती म्हणाली, "रात्री वाटतं. सकाळी नाही वाटत." पुढं आम्हाला कळलं की असं थेट आणि मायेनं विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. विचारायला आपणच घाबरतो, आणि मूल एकटं राहतं.

गुरुबंधू-भगिनींनो, आपण सेवा सेवा म्हणतो. लेकरांची सेवा म्हणजे काय, हे आपल्याच मातीत फार पूर्वी करून दाखवलेलं आहे. बाहुबलीच्या डोंगराजवळचं कुंभोज हे गाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलं असेल. तिथं २२ सप्टेंबर १८८७ ला कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म झाला. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका पंगतीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. कर्मवीरांचं नाव सगळे घेतात. पण त्या पोरांची आई कोण झाली? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाई सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या जैन घरातल्या. त्यांनी कुठल्या कुठल्या जातीची पोरं आपली म्हणून सांभाळली. त्यांना भरवलं, आजारात उशाशी बसल्या. भाऊराव धान्य आणि वर्गणी गोळा करायला गावोगाव फिरायचे. एकदा ते बाहेर असताना बोर्डिंगातलं धान्य संपलं. आधीचे दागिने मोडून झालेच होते. उरलं होतं ते मंगळसूत्र. पोरं उपाशी झोपायला नकोत म्हणून त्यांनी तेही दिलं, असं सांगतात. १९३० साली त्या गेल्या. स्वतः शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या नाहीत, प्रवचनं केली नाहीत. घरातलीच बाई, आपल्यासारखी. पण पोरांचं पोट आणि पोरांचं मन या दोन्ही गोष्टी त्यांना दिसायच्या. आज वटवृक्षाएवढ्या वाढलेल्या त्या संस्थेच्या मुळाशी त्या माऊलीचा घास आहे.

साने गुरुजींचंही तसंच. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं काम बघत होते. मुलं वर्गात गेली की त्यांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं नीट करायचे, कपडे धुवायचे, आजारी मुलाजवळ रात्र काढायचे. मुलांना स्वच्छतेवर भाषण दिलं असतं तर मुलं विसरून गेली असती. गुरुजींनी झाडलेली खोली ती पोरं जन्मभर विसरली नाहीत.

आपल्या गुरुमाऊलींची शिकवणही हीच आहे. उपदेशाच्या आधी घास, आणि घासाच्या आधी चौकशी. आपण ऐकलं होतं, पण उलटं करत होतो. आधी उपदेश, मग प्रसादाची चिमूट, आणि चौकशी राहूनच जायची.

आता कुणी म्हणेल, हे गरीब घरांचं झालं. आमच्या मुलांना काय कमी आहे? मायबाप हो, तसं समजू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंदींच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. त्यात भरल्या घरातली पोरंही होती. प्रत्येकाचं कारण एकच नसतं, आणि बाहेरून कुणी ठरवूही नये. पण काकणं उतरवणं मात्र श्रीमंताच्या घरातही चालतं. तिथं तांदळाची लाज नसते, मार्कांची असते. इंग्रजी येत नाही याची असते. मराठी शाळेतून दहावी झाली, आणि आता पीयूसीत सगळं इंग्रजीत, काही कळत नाही, ही लाज आपल्या बेळगाव-निपाणीच्या किती पोरांनी गिळलीय! वर्गात चिडवतात, कुणीतरी नको तिथं हात लावला, आईवडील रोज भांडतात, ही तर सांगताच न येणारी लाज. पोरगं हसतं, "काही नाही" म्हणतं, आणि एकेक काकण उतरवत जातं.

काकणं उतरताना दिसतात, बघणारा पाहिजे. बोलकं मूल गप्प होतं. गप्प मूल चिडकं होतं. खेळ सुटतो, मित्र सुटतात, झोप उडते किंवा उठवलं तरी उठत नाही. जेवण बदलतं. आवडीची वस्तू दुसऱ्याला देऊन टाकतं. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं गमतीत बोलतं. यातलं काही दोन आठवडे टिकलं तर तो आळस नव्हे, आणि कुणाची नजरही नव्हे.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी नियम घालून दिले. शंभर किंवा त्याहून जास्त मुलं असतील तर निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असलाच पाहिजे, आणि लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. आपल्यातले कितीतरी जण शाळा सुधारणा समितीवर आहेत, पालक सभेला जातात. तिथं हात वर करून नम्रपणे विचारा, "आपल्या शाळेत मुलांचं ऐकणारं माणूस कोण आहे?" शाळेला दोष देण्यासाठी विचारू नका. शिक्षकांवर कामाचा भार किती असतो ते आम्ही जवळून बघितलंय. सोबत करण्यासाठी विचारा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काही जण म्हणतात, नामस्मरण करा, सगळं ठीक होईल, डॉक्टर कशाला? ताप आला तर आपण गोळी घेतो की नाही? मन आजारी पडलं तरी तसंच. नाम घ्यावं, आणि डॉक्टरकडंही जावं. त्यात श्रद्धा कमी पडत नाही.

या आठवड्याची साधना सगळ्यांनी घरात करायची आहे.

पहिली. रोज दहा मिनिटं घरातल्या एका मुलाजवळ बसायचं. मोबाईल दुसऱ्या खोलीत. अभ्यासाचं विचारायचं नाही. ते बोललं तर ऐकायचं, नाही बोललं तर नुसतं बसायचं. ती दहा मिनिटं जपाइतकीच मोलाची धरा.

दुसरी. कुटुंबाच्या ग्रुपवर मुलांचे मार्क टाकू नका आणि दुसऱ्यांच्या मुलांचे विचारू नका. एकाचं अभिनंदन सुरू असतं तेव्हा त्याच ग्रुपवर दुसरं एखादं लेकरू मान खाली घालून वाचत असतं.

तिसरी. नापास झालेल्या मुलाला पहिलं वाक्य "जेवून घे" असं म्हणा. कर्नाटकात दहावीची परीक्षा त्याच वर्षात पुन्हा द्यायची सोय आहे. महाराष्ट्रातही निकालानंतर पुरवणी परीक्षा असते. वर्ष वाया जात नाही, हे त्याला आपण सांगायचं, रागात असताना नाही, जेवण झाल्यावर.

चौथी. मूल मरणाची भाषा बोललं किंवा लिहिलं तर रागावू नका, हसण्यावारी नेऊ नका, एकटं सोडू नका. सरळ विचारा, आणि त्याच दिवशी मदत घ्या. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. मुलाला कुणी त्रास देत असेल, मारहाण किंवा छळ होत असेल तर १०९८. हे दोन नंबर आजच कागदावर लिहून देवघराजवळ लावा. मुलांनाही दिसू देत.

पाचवी. विडी कामगार घरांसाठी. आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर मुलांना केंद्र सरकारच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती मिळू शकते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो. कुणाला भरता येत नसेल तर केंद्रावर या, आपली तरुण मंडळी भरून देतील. ही पण सेवाच आहे.

आता त्या मुलीचं सांगतो. त्याच रात्री शिक्षिकाबाईंनी १४४१६ ला फोन लावला, मुलगी स्वतः बोलली. मग सरकारी दवाखान्यात तिला आणि आईला दोघींना नेलं. आईचं औषध सुरू आहे. वडिलांशी फोनवर बोलणं झालं, आता ते महिन्याला थोडेफार पाठवतात. धान्याची व्यवस्था आपल्या केंद्रातून होते, पण प्रसाद म्हणून, उपकार म्हणून नाही. रात्रीचं विड्या वळणं बंद झालंय. शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाय, पैसे अजून यायचे आहेत. सगळं काही छान झालं असं आम्ही म्हणणार नाही. काही दिवस तिचा चेहरा पुन्हा उतरलेला असतो. मग शिक्षिकाबाई बघतात, अक्का बघतात, आणि आता आम्हीही बघायला शिकतो आहोत.

आमच्यातल्या ज्या भगिनीनं तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, तिनं सगळ्यांसमोरच तिची माफी मागितली. मुलगी लाजून म्हणाली, "असू दे की काकू."

आता संस्कार वर्गाचा क्रम आम्ही बदललाय. आधी मुलांबरोबर जेवायला बसतो, अक्कांना वाढायला मदत करतो, मग स्तोत्र. ती मुलगी अजून मोठ्यानं म्हणत नाही. आम्हीही म्हण म्हणत नाही. मागच्या शनिवारी मात्र तिनं ताटातलं सगळं संपवलं आणि अक्कांकडं जाऊन अजून थोडा भात मागितला. त्या दिवशी आम्हाला स्तोत्रापेक्षा तो आवाज गोड लागला.

अवधूतानं शिकवलं, साधकाच्या हातात एकच काकण असावं. ते साधकासाठी खरं आहे. पण लेकराच्या हातातलं काकण एकटं पडू देऊ नका. त्याच्या शेजारी दुसरं काकण आपण व्हायचं. दोन असली की ती वाजतात, आणि वाजली की कुणाला तरी ऐकू येतं.

सद्गुरुमाऊली आपल्या सगळ्या लेकरांना सांभाळो, आणि त्यांना सांभाळायची नजर आपल्याला देवो.

आपल्या घरातल्या, शाळेतल्या, गल्लीतल्या अशा एका मुलाचा चेहरा आत्ता डोळ्यांसमोर आला असेल, तर हा लेख पुढं पाठवायच्या आधी त्याच्याकडं जा.

॥ जय गुरुदेव ॥

सेवेकरी भगिनी, निपाणी विभाग